बदकांची तारीख

आमच्या भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. गावोगावी जुने मालगुजारी तलाव आहेत, शेतांच्या कडेला बोड्या आहेत, पावसाळ्यात धानाच्या बांध्यांतून पाणी उभे असते. असे असूनही आमच्या वस्तीत कोंबड्या घरोघरी आणि बदके मात्र बोटांवर मोजण्याइतक्या घरी. कारण विचारले तर उत्तरे ठरलेली आहेत. बदके घाण फार करतात, त्यांना तलाव लागतो, बदकाची मादी अंड्यांवर बसत नाही, पिल्ले जगत नाहीत. यातले पहिले उत्तर खरे आहे आणि ते मान्य करूनच आम्ही पुढे लिहीत आहोत. उरलेल्या तिन्हींत थोडे खरे आणि बरेचसे ऐकीव आहे. आमच्या भगिनींपैकी कोणाला घरच्या घरी पिल्ले काढून वाढवावीशी वाटली तर उपयोगी पडावे, म्हणून हे चार शब्द. शिवाय या पिल्लांच्या निमित्ताने आमच्या घरात जे घडले, तेही सांगावेसे वाटते.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे नवराबायको. नोकरी संपून बरीच वर्षे झाली. गावात दोन एकर धान, घरामागे परसबाग आणि सात-आठ गावरान कोंबड्या. मुलगी परिचारिका आहे, दूरच्या जिल्ह्यातल्या दवाखान्यात. जावई कंपनीच्या कामाने महिन्यातले पंधरा दिवस बाहेरगावी. म्हणून २०२३ च्या जूनमध्ये आठ वर्षांची नात आमच्याकडे राहायला आली आणि गावातल्या शाळेत तिसरीत बसली. मुलीने बदलीचा अर्ज केला होता. बदली दिवाळीपर्यंत होईल असे आधी सांगण्यात आले, मग जानेवारीत, मग शाळेचे वर्ष संपल्यावर. प्रत्येक नवी तारीख फोनवरून घरात यायची आणि नात ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर शोधायची. रडायची नाही. पण जेवताना अचानक विचारायची, "ही तारीख खरी आहे ना?" या प्रश्नाला घरातल्या मोठ्या माणसाजवळ काय उत्तर असते, ते वाचकांनी आपल्या मनाशी ठरवावे.

जुलै संपता संपता आमची काळी कोंबडी खुडूक झाली. खुडूक कोंबडी ओळखायला शिकावे लागत नाही. ती डालीतून हलत नाही, पिसे फुगवून बसते, हात जवळ नेला की घशातल्या घशात गुरगुरते. तिच्याखाली घालायला घरात अंडी नव्हती, कारण कोंबडा मुंगसाने नेला होता. शेजारच्या मावशींनी सुचवले, "बदकाची घाला. बारा बांध्या पलीकडं त्या पाहुण्यांकडं बदकं आहेत. कोंबडीले काय समजते, अंडं कोणाचं आहे ते!"

मावशींचे म्हणणे नवे नव्हते. आपल्याकडे बदकाची अंडी पूर्वापार कोंबडीखालीच उबवतात. याला कारण आहे. आज जास्त अंडी देणाऱ्या बदकांच्या ज्या जाती पाळल्या जातात, त्यांच्यात अंड्यांवर बसण्याची वृत्ती जवळजवळ उरलेली नाही. खाकी कॅम्पबेल ही त्यातली नावाजलेली जात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या एका बाईंनी ती तयार केली आणि त्यांच्याच आडनावाने ती ओळखली जाते. चांगल्या निगेत ही बदके वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देतात. जी मादी रोज अंडे देते, ती महिनाभर बसून राहील कशी? म्हणून उबवायचे काम कोंबडीवर येते. कोंबडीचे कष्ट मात्र वाढतात. तिची स्वतःची अंडी २१ दिवसांत फुटतात. बदकाला २८ दिवस लागतात, आणि मस्कव्ही नावाची मोठी, तोंडाभोवती लाल कातडी असलेली जात असेल तर ३५ पर्यंत. म्हणजे आठवडाभर जास्त बसणारी, सवयीची, शांत कोंबडी हवी. पहिल्यांदाच खुडूक झालेली तरणी कोंबडी एकविसाव्या दिवसानंतर उठून चालती होण्याची धास्ती असते. आमची काळी यात मुरलेली होती.

पाहुण्यांकडून नऊ अंडी आणली. बदकाचे अंडे कोंबडीच्या अंड्याहून बरेच मोठे, त्यामुळे जी गावरान कोंबडी आपली बारा-तेरा अंडी झाकते तिला ही आठ-नऊच पुरतात. जास्त घातली तर कडेची अंडी गार पडतात. अंडी आठवड्याच्या आतली घ्यावीत, चीर गेलेली घेऊ नयेत आणि कितीही मळकी असली तरी पाण्याने धुऊ नयेत. कवचावर निसर्गाने दिलेला एक पातळ थर असतो, धुतल्याने तो जातो आणि मळातले जंतू आत शिरतात. कोरड्या फडक्याने पुसले की पुरे. टोपल्यात राख पसरून वर धानाची तणस घातली. राखेने कोंबडीच्या अंगावरच्या उवा-पिसवा कमी होतात. महिनाभर एका जागी बसणाऱ्या जिवाला या उवांचा त्रास फार होतो. खुडूक कोंबडी टोपले सोडून पळाली तर बहुतेक वेळा दोष उवांचा असतो, कोंबडीचा नसतो.

५ ऑगस्टला संध्याकाळी अंडी बसवली. नातीने प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलने एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला. हे खेळ म्हणून केलेले नव्हते. बदकाची जड अंडी कोंबडीला नीट उलटता येत नाहीत आणि अंडे एकाच कुशीवर राहिले तर आतला जीव कवचाच्या पापुद्र्याला चिकटतो. म्हणून कोंबडी दिवसातून एकदा दाणापाण्याला उठली की आपण हाताने उलटावीत. फुली वर की गोल वर, हे पाहिले की चूक होत नाही. नातीने हे काम एक दिवसही चुकवले नाही. तिने विचारले, "पिल्लं कधी निघतील?" आम्ही सांगितले, "अठ्ठावीस दिवसांनी, एखादा दिवस मागेपुढे." तिने कॅलेंडरवर बोट ठेवून मोजले आणि २ सप्टेंबरला लाल खडूने गोल केला. 'मागेपुढे' हा शब्द तिने ऐकून घेतला नाही. किंवा ऐकला असेल आणि असले शब्द तिला पुरे झाले असतील.

आठव्या रात्री दिवे घालवून आम्ही अंडी पाहिली. मोबाइलच्या टॉर्चवर अंड्याचा बोथट भाग धरायचा, भोवती मूठ वळायची. जीव धरलेल्या अंड्यात लाल शिरांचे कोळ्याच्या जाळ्यासारखे जाळे दिसते आणि मधे एक काळा ठिपका. नीट पाहिले तर ठिपका हललेलाही दिसतो. नऊपैकी सातांत जाळे होते. दोन अंडी नुसती पिवळसर उजळली. त्यांत जीव धरलेला नव्हता. ती काढून टाकावी लागतात, नाहीतर कुजून फुटतात आणि बाकीची अंडीही खराब करतात. नातीने विचारले, "ती मेली का?" आम्ही म्हणालो, "नाही, त्यांत पिल्लू धरलेच नव्हते." हे खरे होते म्हणून सांगायला सोपे गेले.

त्या वर्षीचा ऑगस्ट आठवत असेल. देशात १९०१ पासून मोजदाद आहे, त्यातला सर्वांत कोरडा ऑगस्ट तो. धानाच्या बांध्या भेगाळतात की काय अशी काळजी, आणि इकडे टोपल्यातली अंडी. बदकाच्या अंड्याला ओल जास्त लागते. बदकाची खरी आई पाण्यातून निथळत येऊन अंड्यांवर बसते, कोंबडी तर धुळीत लोळून येते. म्हणून शेवटच्या दिवसांत कोंबडी उठली की कोमट पाण्याचे हलके शिंतोडे अंड्यांवर मारावेत. पाणी गार नको आणि अंडी न्हाऊन निघतील एवढेही नको. हवा कोरडी राहिली तर आतला पापुद्रा वाळून चामड्यासारखा होतो आणि पिल्लू त्यातच अडकते.

२ सप्टेंबर उजाडला. शनिवार, सकाळची शाळा. नात शाळेतून धावत आली, दप्तर ओट्यावर टाकले आणि टोपल्याशी बसली. दुपार गेली, संध्याकाळ गेली. काळी कोंबडी डोळे मिटून बसलेली. रात्री जेवताना नातीने खाली मान घालून विचारले, "म्हणजे बदकांची तारीखपण पुढे गेली का?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. धीर द्यायला शब्द पुष्कळ होते. पण आम्ही तिला टोपल्याजवळ नेले, एक अंडे उचलले आणि तिच्या कानाशी धरले. आतून टकटक येत होती आणि मधूनच अगदी बारीक 'चिक'. बाहेर येण्याच्या एक-दोन दिवस आधी पिल्लू चोचीने आतला पापुद्रा फोडून अंड्याच्या बोथट टोकातल्या हवेच्या पोकळीत तोंड घालते आणि पहिला श्वास घेते. तेव्हापासून त्याचा आवाज ऐकू येतो. तिने सातही अंडी कानाला लावली. सहा बोलली, एक गप्प होते. त्या रात्री ती आमच्या मधे झोपली आणि झोपेपर्यंत सांगत होती की मोठ्या अंड्यातले पिल्लू सगळ्यांत जास्त बडबडे आहे.

रविवारी सकाळी पहिल्या अंड्याला चीर गेली. आता ज्यांना पिल्ले काढायची आहेत त्यांनी पुढचे लक्ष देऊन वाचावे. कोंबडीचे पिल्लू चीर गेल्यावर काही तासांत बाहेर येते. बदकाच्या पिल्लाला एक दिवस, कधी दीड-दोन दिवसही लागतात. या काळात पाहणाऱ्याचा जीव वरखाली होतो. चोच दिसते, थकून थांबते, तासन्‌तास काही हालचाल नाही. हात शिवशिवतात. नातीने तर नखाने टवका काढायला अंडे हातात घेतलेच होते. मावशी ओरडल्या, "हात नको लावू, बाई! त्याचं काम त्याले करू दे. तू काढशील तं रक्त येईल."

मावशींना शास्त्र माहीत नाही, पण त्यांचे बोलणे शास्त्राला धरून होते. चीर गेली त्या वेळीही पापुद्र्यातल्या शिरांतून रक्त वाहत असते. पिल्लू थांबते तेव्हा नुसते दमलेले नसते. त्या शिरांतले रक्त आणि उरलेला बलक ते पोटात ओढून घेत असते. हे पूर्ण होण्याआधी आपण कवच सोलले तर शिरा तुटतात, बलक बाहेर राहतो आणि पिल्लू दगावते. काम पुरे झाले की ते स्वतःच गोल फिरत कवचाची टोपी कापते. चोचीच्या टोकाला त्यासाठी एक कठीण कण असतो, पुढे तो गळून पडतो.

नातीला हे समजावले. तिने विचारले, "मग आपण काय करायचं?" काही नाही, थांबायचे. ती थांबली. त्या दिवशी ती जितका वेळ एका जागी बसली, तितका वेळ आमच्या घरात आल्यापासून कधी बसली नव्हती. रविवारी रात्री तीन पिल्ले बाहेर आली, सोमवारी शाळा सुटेपर्यंत आणखी तीन. पिवळी, पाठीवर काळपट पट्टा, ओली असताना अगदी कुरूप आणि वाळल्यावर मऊ कापसासारखी. गप्प असलेले सातवे अंडे बुधवारी आम्ही फोडले. आत पूर्ण वाढलेले पिल्लू मेलेले होते. नात शेजारी उभी होती. तिला आत पाठवावे असे आमच्यापैकी एकाला वाटले आणि दुसऱ्याला वाटले नाही. शेवटी तिने पाहिले. पेरूच्या झाडाखाली आम्ही खड्डा केला. तिने विचारले, "हे का मेलं?" आम्ही सांगितले, "असे कधी कधी होते. कारण आम्हाला ठाऊक नाही." तिने मान हलवली. लहान मुलाला 'ठाऊक नाही' हे उत्तर चालते, हे आम्हाला त्या दिवशी दिसले.

पिल्ले निघाल्यावर पहिला दिवस त्यांना खायला घालण्याची घाई नसते. पोटात घेतलेला बलक तेवढा वेळ पुरतो. आणि बदक म्हटले की पाणी, म्हणून पहिल्याच दिवशी पिल्ले टाक्यात सोडणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. पिल्ले पोहतातही झकास, आणि तासाभरात गारठून मरतात. पिसांना तेल चोपडण्याची त्यांची स्वतःची व्यवस्था अजून बसलेली नसते. बदकाची आई असली तर तिच्या पोटाखाली शिरताना तिचे तेल पिल्लांच्या अंगाला लागते आणि भिजून आली तरी तिच्या उबेत ती वाळतात. कोंबडीकडे तेवढे तेल नसते. म्हणून पहिले तीन आठवडे पाणी फक्त पिण्यापुरते. पण हे भांडे कोंबडीच्या पिल्लांपेक्षा खोल हवे. चोच नाकपुड्यांपर्यंत बुडाली पाहिजे, कारण बदकाच्या नाकपुड्यांत पीठ बसते आणि ती धुवायला त्याला पाणीच लागते. आम्ही पसरट ताटलीत मधे गुळगुळीत गोटे ठेवले. चोच बुडते, अंग बुडत नाही. खाणे ठेवायचे तिथे पाणीही ठेवावे, कारण बदक कोरडा घास गिळताना अडखळते. ते घास घेते आणि पाण्याकडे धावते. आणि होय, दिवसातून तीनदा तणस बदलावी लागते. घाणीचे आम्ही आधीच मान्य केले आहे.

खाण्याचे थोडे विस्ताराने सांगतो, कारण पिल्ले जगत नाहीत या तक्रारीचे मूळ बरेचदा इथेच असते. आमच्याकडे कनकी मुबलक, म्हणून लोक नुसती कनकी शिजवून घालतात. त्यावर कोंबडीचे पिल्लू कसेबसे निभावते, बदकाचे निभावत नाही. ब गटातले नियासिन हे जीवनसत्त्व बदकाच्या पिल्लाला कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त लागते आणि सडलेल्या तांदळात ते फारच कमी असते. ते कमी पडले की दोन-तीन आठवड्यांत पायाचे सांधे सुजतात, पाय फेंगडे होतात, पिल्लू बसून राहते आणि लोक म्हणतात वारे लागले. आम्ही शिजवलेल्या कनकीत तांदळाचा कोंडा आणि बाजारात उरणारी बारीक मासळी उकडून, कुस्करून घातली. बांधावरच्या गोगलगायी आणि गांडुळे गोळा करायचे काम नातीने आपणहून उचलले. एरवी झुरळ दिसले तरी किंचाळणारी ही मुलगी!

शेंगदाण्याची ढेपही चांगली, पण ती ताजी आणि कोरडी असेल तरच. पावसाळ्यात ढेपेला, मक्याला बुरशी येते आणि त्या बुरशीचे विष बदकाच्या पिल्लांना फार लवकर बाधते. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाच्या वर टर्की पक्षी कारण न कळता मेले, बदकांची पिल्लेही मेली. शोध घेतला तेव्हा ब्राझीलहून आलेली बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड सापडली. अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला माहीत झाले ते यातूनच. पुढे हे विष ओळखण्यासाठी बदकाची पिल्लेच कसोटी म्हणून वापरली जात. ज्या ढेपेला कुबट वास येतो ती ढेप 'थोडीच तर आहे' म्हणून घालू नये. माणसालाही ती चांगली नाही.

आता कोंबडीचे. काळीने सहाही पिल्ले आपली मानली. ती जमीन उकरून 'कुट कुट' करायची आणि पिल्ले धावत यायची, पण दाणा टिपायचे सोडून उकरलेल्या ओल्या मातीत चोच खुपसून चाळायची. ती पुन्हा शिकवायची, ती पुन्हा चाळायची. मावशी पदर तोंडाला लावून हसायच्या. पिल्लू बाहेर आल्यावर पहिल्या दिवसात जे हलताना-बोलताना दिसते त्याच्या मागे लागते, यावर ऑस्ट्रियाच्या कोनराड लॉरेन्झ यांनी मोठा अभ्यास केला आणि त्यांना १९७३ साली नोबेल पारितोषिकही मिळाले. राजहंसाची पिल्ले त्यांच्यामागून सहज चालत. रानबदकांची पिल्ले मात्र ते बदकासारखा आवाज काढत राहिले आणि गवतात बसून सरकत राहिले तरच मागे येत. उभे राहिले किंवा आवाज थांबवला की पिल्ले रडायला लागत. हे वाचून दाखवल्यावर नातीने तो प्रयोग अंगणात केला. पिल्लांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्यांची आई ठरून गेली होती.

सप्टेंबरच्या शेवटी, पिल्ले चौथ्या आठवड्यात गेल्यावर, ऊन चांगले असलेल्या दिवशी आम्ही त्यांना घरामागच्या बोडीवर नेले. पुढे काय होणार याचा आम्हाला अंदाज होता, तरी डोळ्यांनी पाहणे निराळे. पिल्ले काठाशी थबकलीसुद्धा नाहीत. एकामागून एक सहाही पाण्यात उतरली आणि दहा हात आत गेली. काळी कोंबडी काठावर अशी धावत सुटली की पाहवेना. पंख पसरून ओरडायची, पाण्यात पाय घालायची, मागे घ्यायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायची. पिल्ले मजेत बुड्या मारत होती. नात आधी टाळ्या वाजवत होती. मग तिचे लक्ष कोंबडीकडे गेले आणि टाळ्या थांबल्या. ती कोंबडीजवळ जाऊन बसली आणि तिला म्हणाली, "येतील गं. पोट भरलं की येतील." अर्ध्या तासाने पिल्ले बाहेर आली, तेव्हा काळीने त्यांना पोटाखाली घेतले आणि ती ओली झाली म्हणून तिचा काही राग दिसला नाही. चार-पाच दिवसांनी ती काठावर नुसती बसून राहू लागली. त्या संध्याकाळी नातीने आईला फोनवर बदलीचे विचारले नाही. कोंबडी कशी धावली ते मात्र सगळे सांगितले, आणि पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही.

ऑक्टोबरमध्ये एक पिल्लू मुंगसाने नेले, भर दुपारी. उरली पाच. बदकाला उडून झाडावर बसता येत नाही, म्हणून रात्री पक्के खुराडे हवेच आणि दिवसाही कोणाची तरी नजर हवी.

दोन महिन्यांच्या सुमारास आवाज फुटतात. मोठ्याने 'क्वॅक क्वॅक' करते ती मादी, घसा बसल्यासारखा बारीक आवाज येतो तो नर. पुढे नराच्या शेपटीवर एक-दोन पिसे वर वळतात, मग शंका उरत नाही. आमच्या पाचांत तीन नर निघाले. पाच-सहा माद्यांना एक नर पुरतो. दोन माद्यांमागे तीन नर ठेवले तर ते माद्यांना अगदी छळतात, मानेवरची पिसे उपटून काढतात. दोन नर काढणे भाग होते. आम्ही काही शाकाहारी नाही, आमच्या घरी रविवारी कोंबडी शिजते. पण ही नातीने हाताने भरवलेली बदके. ओळखीच्या एकाने घेतो म्हटले. तो ती खाण्यासाठीच नेणार हे उघड होते. "दुसऱ्या गावी मोठ्या तलावावर राहायला गेली" असे सांगा, असे चार जणांनी आम्हाला सुचवले. त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. परंतु तारखांनी आधीच कावलेल्या त्या मुलीला आणखी एक गोड गोष्ट सांगायला आमची जीभ वळेना. आम्ही तिला माद्यांच्या माना दाखवल्या, नर का काढावे लागतात ते सांगितले आणि नेणारा त्यांचे काय करील तेही सांगितले.

ती खूप रडली. त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने एकच विचारले, "कधी नेणार? खरी तारीख सांगा." आम्ही सांगितले, येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता. आणि त्या माणसालाही बजावले की नऊ म्हणजे नऊ. शनिवारी संध्याकाळी तिने धान कापलेल्या बांधीत पाचही बदकांना सोडले. कापणीनंतर सांडलेले दाणे आणि चिखलातले किडे बदके असे वेचतात की बांधी झाडून काढल्यासारखी होते. अंधार पडेपर्यंत ती बांधावर बसून होती. रविवारी तो नऊला पाच मिनिटे कमी असताना आला. ती दारात उभी राहिली, आत गेली नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी दोन्ही माद्या अंड्यावर आल्या. बदक पहाटे अंडे देते, म्हणून सकाळी आठ-नऊपर्यंत खुराडे उघडू नये, नाहीतर अंडी बोडीत नाहीतर शेजाऱ्यांच्या कुंपणात. अंडे मोठे, बलक भरपूर, पण पुरते शिजवूनच खावे, अर्धकच्चे नको. आणि मुलांनी बदकांना हाताळल्यावर साबणाने हात धुतलेच पाहिजेत. पशुवैद्यकीय दवाखान्यात बदकांच्या प्लेगची लस मिळते का ते विचारून ती दोन महिन्यांच्या पुढे टोचून घ्यावी. रानबदके उतरतात त्या मोठ्या तलावावर आपली बदके सोडू नयेत. नवापूरला २००६ साली बर्ड फ्लू आला तेव्हा किती लोकांच्या कोंबड्या माराव्या लागल्या, ते आपण ऐकले आहे. बदकाच्या अंगात हा रोग काही न दिसताही असू शकतो. अचानक दोन-चार पक्षी मेले तर लपवून ठेवू नये, डॉक्टरांना कळवावे. कोणाच्या शेतावर फवारणी झाली असेल तर त्या बांधीचे पाणी आठवडाभर टाळावे. आमच्याकडे हे शेजारपाजाऱ्यांशी चांगले संबंध असल्यामुळेच जमते. फवारायच्या आदल्या दिवशी ते सांगून जातात.

पैशाचे म्हणाल तर दोन माद्यांत श्रीमंती येत नाही. घरात खाऊन आठवड्याला सात-आठ अंडी विकली जातात आणि तो पैसा नातीच्या डब्यात पडतो. त्यातून तिने आईसाठी दिवाळीला काय घ्यायचे ते ठरवून ठेवले आहे, आम्हाला सांगत नाही.

बदलीचा कागद २०२४ चे शाळेचे वर्ष संपले तरी आला नव्हता. जूनमध्ये नात चौथीत गेली, आमच्याच गावच्या शाळेत. जुलैत काळी कोंबडी पुन्हा खुडूक झाली. या वेळी अंडी घरची होती, आठ. नातीने फुल्या आणि गोल काढले, कॅलेंडर उतरवून मांडीवर घेतले आणि अठ्ठावीस दिवस मोजले. मग लाल खडूने तिने त्या दिवसाला, त्याच्या आदल्या दिवसाला आणि पुढच्या दोन दिवसांना मिळून एकच लांबट गोल काढला.